कोंबड्यांच्या शेडमधली घोडी

१४ नोव्हेंबर

सटवा धनगराचा वाडा आला. दिवाळी झाली की दर वर्षी येतो. मेंढरं, कुत्री, घोड्यांवर लादलेला सगळा संसार. चार दिवस आमच्या रानात मेंढरं बसतात, रानाला खत होतं, त्यांचा मुक्काम होतो. हे त्याच्या बापापासून चालू आहे.

पण या वेळी त्याची बायको छबुबाई पुढं होती आणि सटवा पार मागं, एका घोडीला धरून. घोडी तीन पायांवर चालत होती. धारूरच्या घाटात वळणावर मोटारसायकल अंगावर आली, ती बिचकून दगडांत उतरली आणि मागचा पाय मुरगळला. त्यात गाभण. मी अंगणवाडीत उभा जन्म काढला, गरोदर बाई दारात आली की माझी नजर आधी पायावरच्या सुजेकडं जाते. आजही तशीच गेली.

सटवा म्हणाला, "बाई, हिला आता चालवता येत न्हाई. आन आमाला थांबता येत न्हाई, मेंढरं थांबू देत न्हाईत. तुमच्या लिंबाखाली बांधली तर चालंल का?"

मी म्हणाले, "लिंबाखाली कशाला? शेड रिकामी आहे."

"कोंबड्याची?"

"आता कुठल्या कोंबड्या."

बोलून गेले आणि मग मला माझ्या लेकाची, युवराजची आठवण झाली. शेड त्याची. त्यानंच उभी केली, आणि कंपनीनं पिल्लं द्यायचं बंद केलं तेव्हा त्यानंच कडी लावली. तो कारखान्यात कामाला म्हणून सून मनिषाला घेऊन पुण्याकडं गेला त्याला दोन वर्षं झाली. मी त्या कडीला हात लावलेला नाही. आधी त्याला विचारायला हवं होतं. उद्या विचारीन.

१५ नोव्हेंबर

अकरा वाजता फोन लावला, लगेच उचलला. एरवी कामावर असला की उचलत नाही. सुट्टी असेल.

शेडमध्ये घोडी ठेवते म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, "कोन्या बाजूला बांधनार?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. मग म्हणाला, "पान्याचे पाईप खाली लोंबकळत्यात, त्येच्यात मान अडकंल तिची. आधी ते काढ." आणि फोन ठेवला.

त्याला राग आला असणार. स्वतःच्या हातानं टांगलेले पाईप आहेत ते.

पण पाईप काढले. कोंबड्यांची खाण्याची भांडी बाहेर काढली, झाडलं, चुना झटकला. दुपारी सटवा घोडीला घेऊन आला आणि घोडी काही आत जाईना. गूळ दाखवला, पाठीमागून छबुबाईनं पाठीवर थोपटलं, तरी दारात येऊन पाय रोवायची आणि नाक फेंदारायची. दार माणसाच्या मापाचं. दोन्ही बाजूंच्या जाळीवर धूळ आणि कोळिष्टकं, आत अंधार. पिसांचा वास अजून गेलेला नाही. एकदा पुढचा खूर आतल्या सिमेंटवर पडला, खणकन आवाज झाला आणि ती अशी मागं सरली की सटवाच्या हातातून दावं सुटलं.

छबुबाई म्हणाली, "आक्का, जनावराला फशी पाडून आत न्हेलं तर ते रोज भ्याल. त्येला सोताहून जाऊ वाटलं पायजे."

मी म्हटलं, "मग काय करायचं?"

"घर मोठं करायचं," ती म्हणाली, आणि हसली. तिला सोपं आहे, तिचं घर घोडीच्या पाठीवर असतं.

१७ नोव्हेंबर

म्हाळूभाऊ मिस्त्रीला बोलावलं. त्याला मजुरीऐवजी शेडमागं पडलेलं जुनं कोंबडखत न्यायला सांगितलं, त्यावर तो खूश. दाराकडची अख्खी भिंत पाडली. फक्त दोन्ही कोपऱ्यांचे खांब ठेवले. पहिला घण पडला तेव्हा आठवलं. युवराजनं ही भिंत बांधताना उन्हात उभं राहून पाणी मारलं होतं.

भिंतीच्या विटा बाजूला रचून ठेवल्या. सिमेंटवर ओढ्यातला मुरूम आणून ठोकून बसवला, त्यावर शेजारच्या उसाचं पाचट. पत्र्याच्या वरून तुराट्यांचे भारे आडवे टाकून तारेनं बांधले, म्हणजे ऊन थेट तापणार नाही. नवीन म्हणावं असं फक्त तार आणि खिळे आणले. दक्षिणेच्या बाजूची जाळी कापली आणि तिथं बांबू आडवे लावले, कारण जाळीत खूर अडकेल असं सटवा म्हणाला. उत्तरेची जाळी राहू दिली. त्या बाजूला साखरेची पोती शिवून लावली की वारा अडतो, आणि एवढे बांबूही नव्हते.

संध्याकाळी युवराजचा फोन. "भित पाडली का?" त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. म्हाळूभाऊच असेल. मी म्हटलं, हो, पाडली. तो म्हणाला, "पाडलीस ते बरं केलं. वारं खेळंल." पण आवाज पडलेला होता. मग भलतंच विचारलं, "बोअरला पानी हाय का आजून?" मी म्हटलं, आहे. "मागच्या खोलीचं कुलूप चालतंय का?" मी म्हटलं, अरे बाबा, घोडी शेडमध्येच राहणार आहे, मी तिला तुझ्या खोलीत नाही ठेवत.

तो हसला. बरं वाटलं, पण का हसला ते कळलं नाही.

१९ नोव्हेंबर

गेली आत! कुणी ओढली नाही. सकाळी छबुबाईनं दावं सोडून दिलं आणि स्वतः आत पाचटावर भाकरी खात बसली. घोडी बाहेर उभी राहिली, मग मान आत घातली, मग एक पाय. मुरमावर आवाज झाला नाही. मग सगळीच आत गेली आणि छबुबाईच्या डोक्यावरचा पदर हुंगायला लागली.

दुपारी वाडा हलला. जाताना छबुबाईनं घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं. घोडीचं नाव चंद्री. मला म्हणाली, "आक्का, ही मला लग्नात मिळाली न्हाई बरं का, लग्नात हिच्या मायला आनलं व्हतं. ही आमच्या वाड्यावर जल्मली." मग डोळे न पुसताच चालायला लागली.

मी आता एकटी आणि ती एकटी.

३० नोव्हेंबर

घोडीचं काही माहीत नव्हतं, म्हणून आधी घाबरले, मग माझं काम सुरू केलं. गरोदर मातेला काय लागतं? चारीठाव खाणं, स्वच्छ पाणी, विश्रांती, भीती नको. कडब्याची कुट्टी, भिजवलेले हरभरे, मूठभर गूळ, मिठाचा खडा. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन पाय बघून गेल्या. हाड शाबूत आहे म्हणाल्या, शेक द्या आणि उभी राहू द्या, पण रोज थोडी फिरवा. हरभरे कमी करायला सांगितले. मी जरा जास्तच पोषण आहार देत होते.

रोज सकाळी शेडमधून लीद काढते. कोंबड्यांपेक्षा वास पुष्कळ बरा.

गावात बायका चेष्टा करतात. सुनिता म्हणाली, "बाई, अंगनवाडी सुटली तर आता घोडंवाडी काढली का?" मी म्हटलं, हो, तुझं नाव घालू का? पण घरी आल्यावर विचार करत बसले. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून जायला कुठं ठिकाण नव्हतं, हे मी कुणाला बोलले नाही. आता चंद्री पहाटे खूर आपटते आणि मला उठावं लागतं.

९ डिसेंबर

युवराज दिवसाआड फोन करतो. पूर्वी आठवड्यातून एकदा करायचा. शेडचं एकेक विचारतो. तुराट्या बांधल्या तर पत्र्याखालच्या कैच्यांवर वजन किती आलं, पाणी कुठं ठेवतेस, लीद कुठं टाकतेस. मी सगळं बरोबर केलं आहे ना याची तपासणी चालली आहे, असं वाटतं. आज मी जरा चिडून म्हणाले, "एवढं वाटतं तर येऊन बघ." त्याच्या मागं रस्त्याचा आवाज येत होता, रिक्षा, भाजीवाला. कारखान्यात भाजीवाला कुठून आला?

मनिषानं फोन घेतला. ती शिवणाच्या कामावर जाते, तिला सुट्टी होती. म्हणाली, "आत्याबाई, तुमीच बोला ह्येंच्याशी. माझ्याशी तर बोलतच न्हाईत." मी म्हटलं, नवरा-बायकोत मी काय बोलू. भांडण झालं असेल. होईल नीट.

२७ डिसेंबर



दुपारनंतर आभाळ आलं, आणि चारच्या सुमाराला गारा. पत्र्यावर असा आवाज की मला माझं ओरडणं ऐकू येईना. तुराट्यांचा एक भारा उडाला आणि तिथला पत्रा धडधड वाजायला लागला. चंद्री वेडी झाली. दावं तोडलं, गोल फिरली आणि उत्तरेच्या बाजूला पाय झाडले. पोती फाटली आणि पुढचा पाय त्या जाळीत गेला. जी जाळी मी राहू दिली होती. जेवढा ओढील तेवढी तार आत रुतत होती.

मी तिच्या मानेला मिठी मारून उभी राहिले. दुसरं काही सुचलंच नाही. बाळंतपणात घाबरलेल्या पोरींना म्हणायचे तेच म्हणत राहिले, श्वास घे गं, श्वास घे. म्हाळूभाऊ पक्कड घेऊन पळत आला आणि एकेक तार तोडली. रक्त बरंच गेलं. डॉक्टरीणबाई भर पावसात स्कुटीवर आल्या, टाके घातले. पोटाला कान लावल्यासारखं बराच वेळ तपासलं. म्हणाल्या, "आतलं हलतंय. बाकी आठ दिवसांत कळेल."

बांबू नव्हते म्हणून जाळी ठेवली. हे खरं कारण नाही. बांबू मागितले असते तर मिळाले असते. काम संपवायची घाई झाली होती.

२८ डिसेंबर

सकाळी छबुबाईला फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, मला हे जमत नाही, तुम्ही येऊन घेऊन जा. ती म्हणाली, "आक्का, आमच्यासंगं असती तर त्या गारा तिच्या पाठीवर पडल्या असत्या. इकडं आमची आठ मेंढरं गेली. ती छपराखाली व्हती म्हनून पायावर निभावलं." मग म्हणाली, "तिला सांगा, छबी इचारत व्हती."

युवराजला सांगायचं नव्हतं, पण त्याचाच फोन आला. म्हाळूभाऊला मी आता काहीच सांगणार नाही. युवराज म्हणाला, "उत्तरंची जाळी कावून ठिवलीस?" मग तो म्हणाला, "तिसऱ्या कैचीच्या वरचा पत्रा वाजतो, माय. त्येच्या हुकाखालचं रबर ग्येलंय. मला ठावं व्हतं. मी जाताना बदलायला पायजे व्हतं, न्हाई बदललं. वाटलं, आता कोन ऱ्हानार हाय आत."

मला वाटलं तो मला बोलतोय. फोन ठेवल्यावर कळलं, तो स्वतःलाच बोलत होता.

३१ डिसेंबर

युवराज आला. सकाळच्या एसटीनं. दोन दिवसांची सुट्टी काढली म्हणाला. खांद्यावर बॅग आणि हातात वाकळ. दोन दिवसांसाठी वाकळ कशाला आणली विचारलं तर म्हणाला, गाडीत थंडी वाजते.

घरात न येता आधी शेडकडं गेला. पाडलेल्या भिंतीच्या जागी उभा राहिला. मी लांबूनच बघत होते. वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण चंद्रीनं मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं, आणि तो तिथंच मुरमावर खाली बसला.  मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "लई उजेड झाला गं हितं."

दुपारी पत्र्यावर चढला.

५ जानेवारी

दोन दिवसांचे पाच झाले. साहेबांनी सुट्टी वाढवून दिली म्हणे. चांगले साहेब आहेत.

सगळी जाळी काढली. रबर बदलून पत्रे आवळले, आता हात मारला तरी वाजत नाहीत. पाडलेल्या भिंतीच्या विटांची गव्हाण बांधली, कोपरे गोल करून, म्हणजे तोंड घासणार नाही. भारे पुन्हा बांधले, त्यावर जुनं फ्लेक्स ताणलं. कुणाच्या तरी वाढदिवसाचं होतं, तोंड खाली करून लावलं. चंद्री आता वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली उभी असते.

टाके सुकत आहेत. पोटातलं हलतं. मी हात ठेवून बघते, युवराजलाही बघायला सांगितलं. तो हात ठेवायला घाबरला, मग ठेवला आणि काढेचना.

रोज सकाळी मी त्याच्यासाठी प्रवासाच्या भाकरी जास्तीच्या करते. रोज त्या घोडी खाते.

१८ जानेवारी

चौसाळ्याहून रविराज म्हणून एक माणूस आला. लग्नात नवरदेवाला घोडी देण्याचा त्याचा धंदा आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून बघायला आला. त्याच्या घोड्या हायवेच्या कडेला पत्र्याच्या आडोशाला असतात, ट्रकचे हॉर्न रात्रंदिवस. आतून बाहेरून सगळी शेड बघितली, खालचा मुरूम उकरून बघितला. म्हणाला, "मावशी, एवढं चांगलं पन एवढ्या कमीत कुनीच केलेलं न्हाई. लग्नसराई सरली की पावसाळ्यात माझ्या दोन घोड्या ठिवून घ्याल का? वैरन माझी, राखन तुमची."

मी म्हणणार होते की, बाबा, हे माझं एकटीचं काम नाही, मुलगा उद्या-परवा जाणार. पण त्याआधीच युवराज बोलला. "ठिवू. पन मधी आडव्या बल्ल्या टाकून कप्पे करावे लागतील, एकमेकीला लाथा मारतील. मे पत्तोर करतो."

मेपर्यंत? कुणाकडून करून घेणार आहे? म्हाळूभाऊकडून असेल.

७ फेब्रुवारी

कास भरली आहे. सडांच्या टोकांना मेणासारखे थेंब आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली खूण हीच. छबुबाईला फोन केला, ते परतीच्या वाटेवर आहेत, पण वेळेवर पोचणार नाहीत. मी साडीचे जुने धडपे धुऊन ठेवले. सवयीनं.

८ फेब्रुवारी

तांबडं फुटायच्या वेळी शेडकडं गेले तर युवराज आधीच तिथं, कोपऱ्याच्या खांबाला टेकून. मला तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. पाचटावर शिंगरू होतं. ओलं, पाय सगळे चारी दिशांना, कान आडवे. चंद्री त्याला चाटत होती आणि घशातून असा आवाज काढत होती, जो मी इतक्या दिवसांत कधी ऐकला नव्हता.

शिंगरू उठायला गेलं, पडलं. परत उठलं, परत पडलं. मी पुढं जायला लागले तर युवराजनं हात धरला. "ऱ्हाऊ दे माय. उठंल." शेवटी उभं राहिलं, डुलत डुलत कासेपाशी गेलं, आधी चुकीच्या जागी, गुडघ्यालाच चोखलं. मग सापडलं. चीक प्यायल्याचा आवाज आला तेव्हा मला रडू आलं. अंगणवाडीत इतकी बाळं बघितली, तरी आलं.

तेव्हाच युवराज म्हणाला. शिंगराकडंच बघत. "माय, माझं काम सुटलंय. गनपतीतच सुटलं."

मी मागचे सगळे फोन आठवत उभी राहिले. अकरा वाजता लगेच उचललेला. तो भाजीवाला. मागच्या खोलीचं कुलूप. वाकळ. मुलांचे चेहरे बघून कुणाला काय होतंय ते ओळखणारी मी.

"मग आला का नाहीस?" मी म्हणाले.

"कसा येनार? शेड बुडवून गेलतो. परत रिकामा आलो तर लोकाला काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "लोकाला कशाला तोंड दाखवतोस. घोडीला वैरण दाखव, ती बाळंत झालीय."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मी त्याच्याकडं बघितलं नाही. गुळाचं कोमट पाणी आणायला घरात गेले आणि चुलीपाशी बराच वेळ उगीच थांबले.

मनिषाला मीच फोन केला. ती पलीकडं नुसती रडली. मग म्हणाली, "आत्याबाई, माझी मशिन ठिवायला जागा हाय का?"

२१ फेब्रुवारी

सटवाचा वाडा परत आला. छबुबाई मेंढरं सोडून पुढं पळत आली. चंद्रीनं तिला लांबूनच ओळखलं, खिंकाळली. शिंगरू घाबरून आईच्या पोटाखाली शिरलं आणि मग तिथूनच छबुबाईचं लुगडं ओढून बघायला लागलं. पुढच्या पायावरची टाक्यांची खूण, मागचा मुरगळलेला पाय, सगळं छबुबाईनं हात लावून लावून बघितलं. मग माझा हात धरून ठेवला.

सटवाला शेड दाखवायला युवराज घेऊन गेला. मी आणि मनिषा घरात होतो, चहा झाला होता. कपात ओतला आणि दाराशी आले तेव्हा दोघं नव्या बल्लीवर बसलेले दिसले. सटवा सांगत होता, त्याच्या वाड्यावरची आणखी एक घोडी गाभण आहे, दुसऱ्या वाड्यावर दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांना आता ओझं झेपत नाही आणि विकायला जीव होत नाही. यांची काही सोय होईल का?

युवराज म्हणाला, "व्हईल की. पन मी सांगतो तसं करायचं. घाटात दुखलं-खुपलं तर तितं थांबायचं न्हाई, मला फोन करायचा, मी टेम्पो घिऊन यीन. म्हाताऱ्या घोड्या मागच्या बाजूला, तितं ऊन कमी येतंय. आन गाभन घोडीला हरभरे माझी मायच दील, दुसऱ्या कुनी द्यायचे न्हाईत, आमच्याकडं त्येचं परमान ठरलेलं हाय."

हातवारे करून बोलत होता. शेड बांधायला काढली होती तेव्हा म्हाळूभाऊला समजावून सांगायचा, अगदी तसा. दोन वर्षांत त्याचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

मनिषा म्हणाली, "आत्याबाई, च्या निवंल."

मी म्हटलं, निवू दे. बोलू दे त्याला.